कौसाक्का आणि सरकारी खाटा

सभेत चहा आला की कौसाक्का आधी माझ्याकडं बघायच्या. मी घोट घ्यायचो, तो खाली उतरायचा, मी खुर्चीत धडधाकट बसलेला दिसायचो, मग त्या आपला चहा बशीत ओतायच्या. पुढं पुढं मलाच सवय लागली. पहिला घोट मी त्यांच्याकडं बघून घ्यायचो आणि मान हलवायचो. बाकीचे नगरसेवक हसायचे. एकदा कोणीतरी विचारलं, "आक्का, चहात काय घालून राह्यलंय का कोणी?" त्या म्हणाल्या, "घालत न्हाई कोणी, म्हाईत हाय. पण ज्या दिवशी चहासंगं बिस्कीट येतं, त्या दिवशी इषयपत्रिका नीट बघावी." त्या दिवशी बिस्किटं होती. माझ्यासकट सगळ्यांनी विषयपत्रिका उघडली.

मी तेव्हा नगरपालिकेत सभा लिपिक होतो. विषयपत्रिका काढायची, ती नगरसेवकांच्या घरी पोचती करायची, सभेत कोण काय बोललं ते उतरवून घ्यायचं आणि नंतर त्या आरडाओरड्यातून शुद्ध भाषेतला ठराव काढायचा, हे माझं काम. गाव जालना जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण त्या बॉडीतले बरेच लोक हयात आहेत आणि त्यातल्या काहींना पुन्हा उभं राहायचं असतं. प्रशासक यायच्या आधीची ही शेवटची बॉडी.

कौसाक्का गावाच्या कडेच्या वॉर्डातून निवडून आल्या होत्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांमागं फिरणारं. सासऱ्यांनी मेंढरं विकून थोडी कोरडवाहू जमीन घेतली, त्यात दोन म्हशी बांधल्या आणि घर एका जागी थांबलं. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, पदर कानामागं घट्ट खोचलेला. बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडं बघत नसत, हातांकडं बघत. मी एकदा कारण विचारलं. "तोंड काय, शिकिवलेलं असतं," त्या म्हणाल्या. "हाताला कोणी शिकवत न्हाई." त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलताना माझे हात कुठं ठेवावेत ते मला समजेनासं झालं.

हा संशय त्यांना वारशानं आला होता. लहानपणी त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडं, बायकापोरं असा सगळा बारदाना, अंबडच्या बाजूनं खाली गोदाकाठापर्यंत फिरायचा. शेतकरी बोलवायचे, रात्री रानात मेंढरं बसवा, खत होईल, धान्य देऊ. संध्याकाळी बोली व्हायची ती गोड. सकाळी मेंढरं उठली, खत पडलं, की शेतकऱ्याला आठवायचं, तुमच्या मेंढरांनी बांधावरची तूर खाल्ली, तुमच्या कुत्र्यानं कोंबडी धरली. कौसाक्कांचे वडील म्हणे ओझं उतरवायच्या आधी शेतमालकाच्या बायकोचं तोंड बघून यायचे. तिनं पाणी हसून दिलं तरच घोड्याची दोरी सोडायची. "रातच्यापुरती जागा देणाराचं तोंड सकाळी येगळं असतं," असं ते म्हणायचे, आणि त्या हे वाक्य पालिकेच्या सभेत बिनदिक्कत वापरायच्या. कोणाला उद्देशून आहे ते कळायचं नाही, पण पुष्कळांना लागायचं.

पहिल्याच सभेत त्यांनी आपली ओळख करून दिली. आमच्याकडं महिला नगरसेवकांच्या मागच्या खुर्चीत त्यांचे नवरे बसायचे आणि हातही नवरेच वर करायचे. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. कौसाक्कांचे मालक नामदेवभाऊ तसेच मागं येऊन बसले होते. स्वभावानं गरीब माणूस. समित्यांचा विषय निघाला, अध्यक्षांनी विचारलं, मंजूर? नामदेवभाऊंनी सगळ्यांचं बघून हात वर केला. कौसाक्कांनी वळून त्यांचं मनगट धरलं आणि खाली आणलं.

"निवडून कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"तू," नामदेवभाऊ म्हणाले.

"मंग हात कोणाचा पाह्यजे? जा, म्हशी सोडायच्या हायेत. इथं कायला बसून राह्यले?"

नामदेवभाऊ उठले ते पुन्हा सभागृहात आले नाहीत. पुढं मी तिथं असेपर्यंत ते फाटकापाशी मोटरसायकलला टेकून उभे राहायचे आणि आक्का बाहेर आल्या की गाडी चालू करायचे. त्या दिवशी सगळ्या सभागृहाचं एकच मत पडलं, बाईला विरोधकांनी पढवून पाठवलंय. माझंही तेच मत होतं. नगरपालिकेत कोणी कशावर हरकत घेतली की आम्ही कर्मचारी दोनच कारणं धरतो. एक, हिस्सा मिळाला नाही. दोन, मिळाला तो कमी पडला. तिसरं कारण माझ्या नोकरीत मला तोवर भेटलेलं नव्हतं, आणि भेटलं असतं तरी मी त्याची चौकशी लावली असती.

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाचता यायचं, पण अक्षर अक्षर लावून. "मी वाचंस्तोवर सभा उठती," म्हणायच्या. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. सही करायचा कागद आधी मी मोठ्यानं वाचायचा. मग त्या तो घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या टेलरकडं जायच्या आणि त्याच्याकडून पुन्हा वाचून घ्यायच्या. दोन्ही वाचनं जुळली तर सही. एकदा टेलरकडं लग्नसराईची गर्दी होती. त्यानं कंटाळून मधला सबंध परिच्छेद गाळला आणि शेवट वाचून दाखवला. आक्का ताडताड परत आल्या. "लिवणारे सायेब, हे मधलं तुमी पोटातून काढलं!" मला त्या कायम लिवणारे सायेबच म्हणायच्या. मी शपथा घेतल्या, टेलरला बोलावणं धाडलं, तर तो दुकान बंद करून वऱ्हाडाला गेलेला. त्या कागदावर कचऱ्याच्या घंटागाड्यांच्या टायरांची खरेदी होती आणि आक्कांच्या सहीवाचून ती अडली. टेलर परत येईपर्यंत गाड्या जागेवर उभ्या राहिल्या आणि गल्लोगल्ली लोकांनी आमचा उद्धार केला. खरं काय ते कळल्यावर आक्का ओशाळल्या असतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आता टेलरलाबी दोनदा वाचायला लावीन."

म्हणजे त्यांचा संशय दरवेळी बराबर निघायचा असं मुळीच नाही. पण निघायचा तेव्हा जबर निघायचा.

बसस्टँडच्या मागं सार्वजनिक शौचालय आहे. त्याच्या दुरुस्तीचं बिल सभेपुढं आलं. आतून-बाहेरून रंगकाम, दारं, कड्या, पाण्याची टाकी. सोबत फोटो, फोटोत सगळं झकपक. आक्का म्हणाल्या, मी बघून येते, तोवर पुढचा इषय घ्या. सभा चालू असताना त्या उठून गेल्या आणि आल्या. "कडी उघडून पाह्यली," त्या म्हणाल्या. "ग्रीस जसंच्या तसं हाय. गावातल्या शौचालयाची कडी एका दिवसात हातानं चकचकीत होती. ती आतून कोणी लावलीच न्हाई. नळाला हात लावला तर तोंडात कोळ्याचं घर. टाकी हाय, पण टाकीला पाइपच जोडलेला न्हाई. वापरलेली वस्तू वापरल्यासारखी दिसती, सायेब. तिला फोटो काढावा लागत न्हाई." बिल अडकलं. ठेकेदारानं आठवड्यात पाइप जोडला आणि ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी बसस्टँडवरच्या हमालांनी आक्कांच्या नावानं नारळ फोडला.

आम्ही मात्र डोळ्यात तेल घालून बसलो, की हा ठेकेदार आता यांच्या घरी कधी जातो. तो गेलाच नाही असं सांगणारे आहेत, आणि गेला पण फाटकातून परत पाठवला असं सांगणारेही आहेत. एवढं मात्र मी स्वतः पाहिलं, की त्याच वर्षी रस्त्यावरचे दिवे मंजूर झाले तेव्हा पहिला खांब आक्कांच्या गल्लीत उभा राहिला. मी तसं बोलून दाखवलं. "मंग?" त्या म्हणाल्या. "अंधार काय तुमच्याच गल्लीत हाय का?" बाई संत नव्हती. मी तरी तिला संत म्हणणार नाही.

आता निवाऱ्याचं सांगतो. त्याच्याशिवाय हे व्यक्तिचित्र अर्धंच राहील.

आमच्या पालिकेचं अंदाजपत्रक म्हणजे कागदावर शिल्लक आणि तिजोरीत खडखडाट. घरपट्टी कोणी भरत नाही, पाणीपट्टीचं नाव काढलं तर मतं जातात, आणि उन्हाळा लागला की वीज कंपनीवाले पाण्याच्या मोटारीचं कनेक्शन तोडायला येऊन उभे राहतात. कर्मचाऱ्यांचे पगार मागं पडलेले. इकडून काढायचं, तिकडं घालायचं, वड्याचं तेल वांग्यावर, असाच कारभार. अशात बेघरांसाठी वरून एक योजना आली होती. बसस्टँडजवळची बंद पडलेली कन्याशाळा रंगवून तिथं निवारा केला. लोखंडी खाटा आल्या, गाद्या आल्या, चादरी आल्या. बायकांच्या एका बचत गटाकडं तो चालवायला दिला. सुरुवातीचा खर्च वरून येत होता, पण तो आता बंद होणार होता आणि पुढचा सगळा खर्च पालिकेच्या डोक्यावर येणार होता.

अध्यक्षांच्या मनात वेगळंच होतं. कन्याशाळा पाडायची, मोक्याच्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचे आणि लिलाव करायचा. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "गाळ्यांची अनामत आली तर पगार होतील, मोटारी चालतील. आपल्या गावात बेघर हायेत तरी किती? ज्याला कोणी न्हाई त्याला देऊळ हाय, स्टँड हाय." गाळे कोणाला मिळणार ते मात्र गावात चहाच्या टपरीवर लिलावाआधीच ठरून गेलं होतं.

आक्कांचाही या निवाऱ्यावर राग होता, पण वेगळ्या कारणानं. त्यांच्या वॉर्डातली माणसं गायरानावर राहतात. वर्षानुवर्षं राहतात, पण जागेचा कागद नाही, म्हणून घरकुलाचा अर्ज केला की परत येतो. "मपल्या लोकांला इटा मिळत न्हाईत," त्या म्हणायच्या, "आन् हितं खाटा कोणासाठी घातल्यात? हे बेघर हायेत कुठं? दिसत कामून न्हाईत?" एका दुपारी त्या स्वतः निवाऱ्यात जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी अंदाजपत्रकाची सभा होती. निवाऱ्याचा विषय पुकारला आणि आक्का उभ्या राहिल्या.

"मी बघून आले. खाटा हायेत, पण गाद्यांवरचं प्लास्टिक निघालेलं न्हाई. चादरींची घडी मोडलेली न्हाई, दुकानातून आली तशीच हाय. शौचालयाची कडी तुमाला याद आसंल. वापरलेली वस्तू वापरल्यासारखी दिसती. तिथं कोणी ऱ्हात न्हाई. नावं लिवून पैसा उचलून राह्यलेत."

मागच्या बाकावर निवारा सांभाळणारी सुनंदा बसली होती. ती उठून म्हणाली, "आक्का, राहतात हो. माझ्याकडं रजिस्टर हाय." आक्का मागं न बघता म्हणाल्या, "फोटो तर शौचालयाचेबी होते." सुनंदा पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

आणि मग जे झालं ते त्या सभागृहात कधीच झालेलं नव्हतं. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. "आक्का बोलल्या ते शंभर टक्के सत्य!" सत्ताधाऱ्यांनी वाजवलं, विरोधकांनी वाजवलं. निवारा बंद करावा, जागेवर गाळे काढावेत, जिल्ह्याच्या ठिकाणाहून मान्यता घ्यावी, असा ठराव एकमतानं झाला. सूचक म्हणून नाव कौसाक्कांचं. मी ते लिहीत असताना मला मनातून वाटलं, घ्या, शेवटी बाईचाही गाळा ठरला म्हणायचा.

सभा सुटली. सगळे आक्कांना नमस्कार करून जात होते. आक्का खुर्चीतच बसून राहिल्या. हॉल रिकामा झाल्यावर मला म्हणाल्या, "लिवणारे सायेब, चार वर्षांत माझ्या बोलण्यावर कोणी टेबल वाजिवलं व्हतं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग आज कामून वाजिवलं?"

मी म्हणालो, पटलं असेल. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. "मपलं म्हणणं या लोकांला एका झटक्यात पटलं, म्हंजी मपलं काहीतरी चुकलं. सकाळी दिवस उगवायच्या आत या. मी एकटीनं पाह्यलं तर खोटं बोलती म्हणतील."

सुट्टीचा दिवस होता, थंडी होती, आणि माझ्या बायकोनं मला विचारलं, की पहाटे कोणत्या बाईबरोबर चाललात. पण गेलो. खरं सांगायचं तर कुतूहल होतं. स्वतःवरच संशय घेणारा माणूस मी पाहिला नव्हता.

सुनंदानं दार उघडलं. तिनं आक्कांकडं बघून तोंड फिरवलं, पण बाजूला झाली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. खाली फरशीवर, खाटांच्या मधे, खाटांच्या खाली माणसं झोपलेली. कोणी पोत्यावर, कोणी आपल्या फाटक्या वाकळेवर. एका कोपऱ्यात एक नवरा-बायको, मधे लेकरू. जालन्याच्या सळईच्या कारखान्यात हात भाजून घेतलेला एक माणूस तो हात छातीवर धरून झोपला होता. आणि वर, सगळ्या खाटा रिकाम्या. पायथ्याशी चादरी, घडी न मोडलेल्या.

एक म्हातारी उठून बसली होती. तिचं नाव ठकूबाई. मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची चढउतार होते, तेव्हा खाली सांडलेलं धान्य झाडून घ्यायचं, पाखडायचं आणि विकायचं, यावर ती जगत होती. भोकरदनकडची. दोन लेकं, दोघांची घरं, दोघांच्याही घरात तिला जागा नाही. दिवस उजाडला की मोंढ्यात जायचं म्हणून ती लवकर उठायची. सगळेच उजाडता निघून जायचे. म्हणून दुपारी तिथं कोणी दिसायचं नाही.

आक्का तिच्यापाशी उकिडव्या बसल्या. "माय, वर खाट हाय ना. गादी हाय. खाली फरशीवर कामून झोपली?"

ठकूबाईनं त्यांना खालून वर बघितलं. "सरकारी हाय ती, बाई. डाग पडला, फाटली, तर भरून घेतील."

"कोणी सांगितलं असं?"

"कोणी कशाला सांगाया पाह्यजे? सरकार फुकट काय देतं का? आज झोप म्हणंल, उंद्या पावती फाडंल."

सुनंदा मागून म्हणाली, "मी रोज सांगते, आक्का. रोज. हात लावत न्हाईत. मलाच विचारतात, तुला यात काय मिळतं?"

आक्का उकिडव्या होत्या त्या सरळ फरशीवर बसल्या. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बाप्पा. हे तर मीच बोलून राह्यले." त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मला त्या क्षणी त्या बाईचं फार वाईट वाटलं. गावातल्या एकेका लबाडाला जिनं कडीवरच्या ग्रीसवरून पकडलं, तिनं सगळ्यात मोठी चूक केली ती आपल्याच स्वभावाच्या माणसांच्या बाबतीत. त्या म्हातारीच्या जागी आक्का असत्या तर त्यांनीही त्या खाटेला बोट लावलं नसतं.

पुढच्या सभेत आधीच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय पहिला असतो. मी वाचलं. आक्का उठल्या. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "तिथं माणसं ऱ्हातात. खाली झोपतात. ठराव रद्द करा."

हशा पिकला. अध्यक्ष हसत म्हणाले, "आक्का, तुमच्याच नावाचा ठराव हाय. तुमीच सूचक."

"मंग माझ्याच नावानं रद्द करा."

"असं पोरखेळासारखं चालत न्हाई. तुमी तर म्हणाल्या, वापरलेली वस्तू वापरल्यासारखी दिसती. सभागृहानं तुमच्यावर इश्वास ठेवला." आणि मग माझ्याकडं वळून, "काय हो, लिहिलंय ना तसंच?" मी मान हलवली, कारण तसंच लिहिलं होतं. एका विरोधकानं बसल्या जागेवरून विचारलं, "आक्का, बचत गटानं कितीला पटवलं?" पुन्हा हशा. आक्कांनी त्याच्या हातांकडं बघितलं. "मी चुकले, एवढं तरी लिवा," त्या मला म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी लिहिलं.

ठराव मान्यतेला गेला. मान्यतेआधी जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं. दिवस ठरला, वेळ सकाळची. सगळ्यांना ठाऊक होतं, की साहेब येतील तेव्हा खाटा रिकाम्या, घड्या तशाच, आणि माणसं कामावर. कन्याशाळेच्या भिंतीवर हातोडा पडणार, आणि ठकूबाई, तो भाजलेला माणूस, लेकरू मधे घेऊन झोपणारी ती दोघं, ऐन थंडीत स्टँडच्या फरशीवर जाणार.

त्या सकाळी मी फाइल घेऊन लवकर पोचलो. आक्का माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या. एकेकाला हात जोडत होत्या, आजच्या दिवस कामाला जाऊ नका. पुष्कळजण थांबले, काही निघून गेले. थांबले त्यांना त्या म्हणाल्या, "आता वर झोपा. सायेबाला दिसू द्या." कोणी हललं नाही.

"काय भरून द्यायची येळ आली तर मी हाय," आक्का म्हणाल्या.

"तू कोण?" ठकूबाईनं विचारलं.

"मी नगरसेविका."

"मंग तर मुळीच न्हाई," ठकूबाई म्हणाली.

मला हसू आलं. आक्कांना आलं नाही. त्यांनी एका खाटेवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. तो आवाज ऐकून सगळे दचकले. मग चपला काढल्या, पदर सावरला आणि त्या खाटेवर आडव्या झाल्या. पाठ ताठ, डोळे सताड उघडे, दोन्ही हात खाटेच्या लोखंडी दांडीला धरलेले. "हे बगा," त्या छताकडं बघत म्हणाल्या. "झोपले मी. काही होत न्हाई. या." त्यांच्या आवाजावरून काही होणार नाही यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसलेला नव्हता. माझ्या मनात आलं, हे नाटक आहे, आणि नाटक म्हणूनच साहेबांना दिसणार.

साहेब काही वेळेवर आले नाहीत. साहेब वेळेवर येत नसतात. अध्यक्षांना घेऊन ते रेस्ट हाउसवर थांबलेत असा फोन आला आणि मी त्यांना आणायला गेलो. वाटेत अध्यक्ष साहेबांना म्हणत होते, "बाईनं सगळं बसवलेलं हाय, सर. तुमी बघालच."

निवारा बंद झाला नाही, हे इथंच सांगून टाकतो. साहेबांनी अहवालात चालू ठेवावा असं लिहिलं, ठरावाला मान्यता आली नाही, आणि ती कन्याशाळा अजून उभी आहे. पालिका तिचा खर्च रडतखडत काढते. हे मला नंतर कळलं, कारण त्याच महिन्यात माझी दुसऱ्या गावी बदली झाली. ती तपासणीमुळं झाली का, याबद्दल मला जो संशय आहे तो मी माझ्यापाशीच ठेवतो. कौसाक्कांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी.

दारात आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अध्यक्ष पुढं, साहेब मागं, मी फाइल घेऊन. अध्यक्ष मोठ्यानं बोलतच आत शिरले. आतल्या खाटांवर माणसं होती. कोणी बसलेली, कोणी आडवी, भाजलेल्या हाताचा माणूस कुशीवर. लेकरू गादीवर उभं राहून प्लास्टिकशी खेळत होतं. आणि मधल्या खाटेवर कौसाक्का गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, दांडीवरचे हात कधीच सुटलेले, एक हात खाटेखाली लोंबत होता. अंगावर सरकारी चादर होती, चारी बाजूंनी नीट खोचलेली, आणि तिच्यावर घडीच्या रेघा अजून तशाच उमटलेल्या होत्या.

शेजारच्या खाटेच्या कडेवर ठकूबाई बसली होती. तिनं अध्यक्षांकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "बाईचा आत्ताच डोळा लागलाय."